कपाटासमोरची रांग

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई विश्रांतीला येणार, आणि त्याही नेमक्या त्याच्या कपाटाच्या खोलीत, हे कळल्यावर जावईबापूंनी जो बंदोबस्त केला तो एखाद्या बँकेनेही केला नसता! कपाटाला जाड काच बसवली, कुलूप ठोकलं, किल्ली पाकिटात ठेवली आणि बायकोला ठणकावून सांगितलं, "आता माझ्या एका तरी फिगरला कुणी बोट लावून दाखवावं."

त्या कपाटात त्याचे वीतभर उंचीचे, प्लॅस्टिकचे महानायक राहायचे. कमरेवर मुठी ठेवलेला जांभळ्या झग्याचा, हिरव्या टोपाची ढालवाली, एका हातावर आगबोट तोलणारा पांढऱ्या दाढीचा. पन्नाशीला टेकलेला बाप्या पगारातून बाहुल्या घेतो, असं बायको चारचौघांत सांगायची. तिला काय समजावणार? हा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसायचा. माणसं येऊन दिवसभर अशी खेकसायची, जणू गावाचं पाणी यानेच पिऊन टाकलं होतं. संध्याकाळी मात्र ही मंडळी त्याच्यासाठी साऱ्या जगाशी दोन हात करायला तयार उभी असत, आणि वर एक शब्द बोलत नसत. कपाटासमोरची ती अर्ध्या तासाची शांतता, तेवढीच काय ती त्याच्या दिवसात त्याची स्वतःची होती.

सासूबाई आल्या. दुसऱ्याच दिवशी तो घरी आला, तर बंद दाराआडून त्यांचं बोलणं ऐकू आलं. सुनेला आपण एवढंच म्हटलं, त्यात वाईट काय होतं, असं त्या कुणाला तरी विचारत होत्या. फटीतून पाहिलं, तर खोलीत त्या एकट्या! उशांना टेकून जांभळ्या झग्याशी बोलत होत्या. मध्येच थांबायच्या, त्याला विचार करायला वेळ द्यायच्या आणि मग पुढे सुरू.

जावईबापूंचं धाबं दणाणलं. भूल नीट उतरली नाही की काय! त्याने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर आत गेले, दार लोटलं, आणि बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात. आले ते चष्मा पुसतच. आजी ठणठणीत आहेत म्हणाले, तरी गुरुवारी पुन्हा एकदा येऊन जातो म्हणाले. जिना उतरता उतरता थांबून हळूच म्हणाले, "ती ढालवाली फार समजूतदार दिसते हो."

तिथून गाडी जी घसरली ती घसरलीच. वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई सासूबाईंना बघायला आल्या, आणि परत जाताना इतक्या मोकळ्या होऊन गेल्या की त्यांनी शेजारणीलाही धाडलं. शेजारणीने तिच्या नणंदेला आणलं. बघता बघता बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडाव्या लागल्या. बोट मात्र कुणी लावत नव्हतं. काच शाबूत, कुलूप शाबूत! बंदोबस्त त्याने हातांचा केला होता, तोंडांचा करायला हवा हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

एकदा तो कचेरीतून पार पिट्टा पडून आला, तर जिन्यातच एका अनोळखी गृहस्थांनी त्याला अडवलं. "रांग इथूनच का?"

जन्माची सवय. तोंडातून निघून गेलं, "हो. एकेक जण या, ढकलाढकली नको."

पाण्याबद्दल काही असेल तर ते यांतल्या कुणाला सांगायचं, असंही त्या गृहस्थांनी विचारलं. त्याने बूट काढले आणि भिंतीला टेकून बसून राहिला.

अखेर रांग संपली. सासूबाई काठी टेकत जेवायला गेल्या. खोली रिकामी झाली असं समजून हा लगबगीने उठला, दाराला हात लावला, आणि आतून बायकोचा आवाज आला.

"घरी आले की इथे येऊन उभे राहतात," ती दाढीवाल्याला सांगत होती. "दमलेले असतात, कळतं मला. पण मीही कामावरूनच येते ना. कधीतरी माझ्यासमोर असे उभे राहिले असते, तर मी दुसरं काय मागितलं असतं?"

गावाची गाऱ्हाणी ऐकून कान किटले म्हणून घरच्या माणसाचं ऐकायचं राहूनच गेलं होतं. त्याची त्यालाच लाज वाटली. तो आत गेला. तिने घाईघाईने डोळे पुसले. त्याने खुर्ची ओढली, कपाटाकडे पाठ केली आणि तिच्यासमोर बसला.

"मला सांग," तो अगदी मनापासून म्हणाला. "काय असेल ते सगळं सांग. मी ऐकतो."

ती मग हलक्या आवाजात म्हणाली, "बरं. परवा मी तुम्हाला म्हटलं होतं, की जरा..."

"परवा कसं शक्य होतं? परवा कचेरीत मोठे साहेब आले होते, आणि शिवाय तू ते सांगितलंस तेव्हा मी..."

ती मग रागावली नाही की काही नाही, फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जरा बाजूला सरका हो," ती म्हणाली. "तुमच्यामागे ते दाढीवाले दिसत नाहीयेत."

तो सरकला.