महिपतरावांचा लाल ठिपका

महाडच्या कोर्टातले कारकून महिपतराव यांच्याकडे छर्‍यांची बंदूक होती, पण त्या बंदुकीने आजवर कुणाचंही काही वाकडं केलं नव्हतं. (परसातल्या फणसाला टांगलेल्या पुठ्ठ्याचंसुद्धा नाही.) तरी पोलादपूरच्या तरुण मंडळाने नेमबाजीची स्पर्धा जाहीर केली आणि महिपतरावांनी नाव देऊन टाकलं. नेम चुकतो तो हातामुळे नाही, बंदुकीवर नेम धरायला नीट सोय नाही म्हणून, असं त्यांचं ठाम मत होतं.

नेमका तेव्हाच त्यांचा मेहुणा दत्ताराम बोटीवरून सुट्टीला आला. त्याने पेटीतून एक लांब दुर्बीण काढली, एक आखूड नळी काढली.

"भावोजी, दोन्ही बंदुकीवर बसतात. एक तुम्हाला, एक माझ्या मित्राला. कुठली हवी बोला."

ज्याचा जन्म लोकांना पुढची तारीख देण्यात गेला, त्याच्याकडे असा रोखठोक निकाल मागणं म्हणजे छळच. महिपतरावांनी आधी दुर्बीण चढवली. फणसाचं एक पान ताटाएवढं दिसलं, पण पुठ्ठा काही सापडेना. सापडला तेव्हा त्यांनी घाईने चाप ओढला. बंदुकीने मागे धक्का दिला आणि दुर्बिणीची कड थेट भुवईवर बसली. टेंगूळ चोळत त्यांनी दुर्बीण नापास केली.

नळी मात्र अजब होती. आतल्या काचेत एक लाल ठिपका तरंगत होता. डोकं डावीकडे न्या, उजवीकडे न्या, ठिपका ज्या वस्तूवर धरला तिथून हलत नसे. महिपतरावांनी ती बंदुकीवर चढवायच्या आधी हातात घेऊन तासभर घर पाहिलं. घड्याळावर ठिपका, कॅलेंडरवर ठिपका, शेजारच्या मांजरावर ठिपका. मग त्यांना शंका आली आणि त्यांनी बायकोला हाक मारली.

"सुनीती, भिंतीजवळ जा बघू. ठिपका पडलाय का?"

"कसला ठिपका?"

"लाल! खुंटीच्या खाली!"

"इथे काही नाही."

"मग मला कसा दिसतोय?"

"भुवईवर आपटलं ना सकाळी? डॉक्टरांकडे जाऊन या."

"अगं, आता तुझ्या कपाळावर आला!"

"तो लग्नापासून आहे," सुनीतीबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

ठिपका फक्त नळीतच असतो, बाहेर पडत नाही, हे दत्तारामने समजावलं. महिपतरावांनी मान डोलावली. (पुढचे दोन दिवस ते भिंती तपासत होते.)

रविवारी खरी परीक्षा. उन्हात ठिपका पुसट दिसे, म्हणून महिपतराव स्वयंपाकघराच्या सावलीत स्टूल घेऊन बसले आणि बंदुकीचं तोंड खिडकीकडे केलं. खिडकीच्या कट्ट्यावर साखरआंब्याची काचेची बरणी उन्हाला ठेवलेली होती. भावाला बोटीवर न्यायला म्हणून सुनीतीबाईंनी आठवडाभर ती मुलासारखी जपली होती. महिपतरावांनी नळीतून पाहिलं. बरणीच्या झाकणावरून पुठ्ठा स्वच्छ दिसत होता. परसात कुणी नव्हतं. ठिपका बरोबर मध्यावर आणून त्यांनी श्वास धरला, चाप ओढला.

खळ्ळ!

साखरआंबा कट्ट्यावरून ओट्यावर, ओट्यावरून महिपतरावांच्या धोतरावर आला.

"असं कसं झालं?" ते थक्क होऊन म्हणाले. "मला तर बरणी आडवी येतच नव्हती!"

"भावोजी, नळी बंदुकीच्या वर बसते," दत्ताराम हळहळत म्हणाला. "तुमची नजर बरणीच्या वरून गेली. छर्रा खालून निघाला, तो बरणीतून गेला."

"वा! म्हणजे ठिपका खोटं बोलत नव्हता!" महिपतराव खूश झाले. मग त्यांनी मागे पाहिलं. सुनीतीबाई हातात केरसुणी घेऊन दारात उभ्या होत्या. (हे लक्षण फार वाईट.) काचा वेचून होईतो त्या एकच वाक्य बोलल्या, "आता कप मिळालाच पाहिजे."

स्पर्धेला तिघेही एस्टीने पोलादपूरला गेले. मांडवात सावली होती, समोर आडवं काहीच नव्हतं. शेजारच्या जागेवर कशेडीकडचा भिकाजी नावाचा शेतकरी साधी बंदूक घेऊन उभा होता. महिपतरावांनी नळीला डोळा लावला. कागदावरच्या काळ्या गोलाच्या मधोमध लाल ठिपका येऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात थरथरला नाही. एकामागून एक सगळे छर्रे त्यांनी असे सोडले की दत्तारामने मागून "वा!" म्हटलं.

पंचांनी कागद आणले. महिपतरावांचा कागद कोरा करकरीत होता.

भिकाजीच्या कागदावर मात्र कडेला काही भोकं होती आणि काळ्या गोलात आणखी तितकीच, एकमेकांना चिकटून.

"ही मधली माझी नाय वो," भिकाजी कागद उलटसुलट करत म्हणाला. "मी येवडे छर्रे मारलेच नाय!"

महिपतरावांनी आधी आपला कागद पाहिला, मग भिकाजीचा. ठिपका गोलाच्या मध्यावर होता, यात शंकाच नव्हती. गोल तेवढा शेजारचा होता.

पंचांनी बराच वेळ कुजबुज केली. शेवटी छर्‍यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, ज्याचा कागद त्याची भोकं, असा निकाल देऊन त्यांनी कप भिकाजीच्या हातात ठेवला. सुनीतीबाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या सगळ्यांत जोरात होत्या.

भिकाजी कप छातीशी धरून महिपतरावांजवळ आला आणि त्याने हात जोडले.

"सायेब, येक इनंती हाय," तो म्हणाला. "फुडच्या सालीबी माझ्याच बाजूला उभं ऱ्हावा."