वेगळ्या दस्तरखानाचा दाखला

मर्गिलान शहरातल्या एका मोहल्ला समितीचे अध्यक्ष ममासोली-अका यांच्या पत्नी खोसियत यांना मंगळवारी मधुमेह असल्याचे अधिकृतरीत्या आढळून आले. डॉक्टर मुकर्रमबाईंनी अहवालाला एक चिठ्ठी जोडली: जोडप्याचे ताट एक, चहा एक, आळसही एक, सबब पतीनेही सात दिवसांत रक्त तपासून घ्यावे.

अकांनी, म्हणजे मोहल्ल्याच्या या थोरल्या भावाने, चिठ्ठी घडी करून खिशात घातली. वर्षभर त्यांची तहान भागत नव्हती आणि पायांना मुंग्या येत होत्या. पण दर शुक्रवारी निरोगी जीवनावर भाषण ठोकणाऱ्या माणसाला मुंग्या येणे शोभत नाही, म्हणून त्यांनी ही बाब गोपनीय ठेवली होती.

"अहो, उद्या येताय ना? एक सुई तर टोचतात," खोसियत म्हणाल्या.

"तुझं ठीक आहे. माझ्यामागे कामं आहेत."

काम त्यांनी लगेच काढले. समितीच्या कागदावर स्वतःच स्वतःला दाखला दिला: सदर पतिपत्नी एका दस्तरखानावर, म्हणजे जेवणाच्या एकाच चादरीवर, जेवत नाहीत, त्यामुळे पतीस धोका संभवत नाही. वर शिक्का. दाखला खोटा ठरू नये म्हणून पुलावाची परात घेऊन ते दुसऱ्या खोलीत बसू लागले. तिथे बायकोची नजर नव्हती, तेव्हा चहात खडीसाखरेचे खडे मनसोक्त पडू लागले.

दाखल्याची एक प्रत नियमानुसार सलोखा उपसमितीकडे गेली. नवराबायको वेगळे जेवतात, म्हणजे घटस्फोट दाराशी आला! तो रोखणे हे उपसमितीचे कर्तव्य, आणि तिचेही अध्यक्ष ममासोली-अकाच. सहीसाठी आलेल्या गठ्ठ्यात स्वतःच्याच घरी जाण्याचा आदेश होता. अकांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली.

शनिवारी दुपारी पाच ज्येष्ठ सदस्य हलवा, मध आणि मुरांबा घेऊन दारात उभे राहिले.

"ममासोली, नातवंडं झाली की रे तुला! आता भांडतोस?" होलबिबी-आजी कडाडल्या. "बस तिच्या शेजारी. भरव तिला हलवा."

"तिला साखर आहे, आजी."

"मग तिचा वाटा तू खा. पाहुण्यांनी आणलेलं परत पाठवतात का कुठे?"

अकांनी सलोख्याखातर दोघांचा वाटा खाल्ला. इतिवृत्तावर सह्या होईपर्यंत त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. खोसियत यांनी दंड धरून त्यांना दवाखान्यात नेले.

"भीती वाटते गं मला," बाकावर बसल्यावर अका पुटपुटले.

"मलाही वाटली होती. म्हणून तर सोबत चला म्हणत होते."

खोसियत यांची साखर तिकडच्या मापाने नऊ, म्हणजे आपल्याकडची एकशेसाठ, निघाली होती. अकांची एकोणीस निघाली.

"चिठ्ठी चुकीच्या माणसाच्या काळजीनं लिहिली मी," मुकर्रमबाई म्हणाल्या. "धोका हिला होता, अका. तुमच्याबरोबर जेवण्याचा."

इथवर हसत आलेल्या वाचकाने आपली शेवटची तपासणी कधी झाली ते आठवून पाहावे. आठवत नसेल, तर घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारावे. त्याला तारीख पाठ असते, कारण तेव्हापासून तो रोज विचारतो आहे आणि आपल्यामागे कामे आहेत.