उपवासाच्या टबातले मासे

राघूमामा माशांना खाणं घालताना टबावर वाकून म्हणतात, "सावकाश होऊ द्या." बोटाएवढीही न झालेली पिल्लं ती! पण पंगतीत वाढावं तसा मामा त्यांना चिमूट-चिमूट कोंडा वाढतात.

मामा म्हणजे अग्रहार पेठेतले माझे घरमालक. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंही वर्ज्य. घराणं कैक पिढ्या म्हैसुरातलं, त्यामुळे मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरतात. मी सांगलीची, सांडपाण्याविरुद्ध पत्रकं वाटत फिरणारी. मला आणि माशांना ते एकाच नावानं हाक मारतात: 'मरी'. कन्नडमध्ये पिल्लू.

इथल्या तळ्यात एका कारखान्याचं गरम, आंबट पाणी येतं. पिल्लं वाढत नाहीत. कारखान्याचे साहेब म्हणतात, "पाण्याचा काय दोष? खायला कमी पडत असेल." निर्लज्ज उत्तर! असल्या पाण्यात नुसतं जगण्यातच पिल्लाची ताकद संपते. त्यात ते अर्धपोटी. मग वाढायचं कशाच्या जोरावर?

हेच दाखवायला मामांनी गच्चीवर दोन टब मांडले. दोन्हींतली पिल्लं अर्धपोटी. एकात चांगलं पाणी. दुसऱ्यात लिंबू पिळलेलं, हीटरनं तापवलेलं. फरक फक्त पाण्याचा. पत्रकात निकालापुरती जागा मी रिकामी सोडली होती.

निकाल लागला. आंबट पाण्यातली पिल्लं गुटगुटीत!

"मामा, हे काय?"

"अय्यो, ओरडू नको ग. त्यांना दाण्याचं कूट घातलं थोडं."

"अर्धपोटी ठेवायची होती ना?"

"ठेवली की! पण आंबट पाणी, वर उकाडा, वर उपास. उपास म्हटल्यावर फराळ नको?"

मी कपाळावर हात मारला. टब पुन्हा मांडले आणि दाण्याच्या कुटाचा डबा माझ्या खोलीत कुलूपबंद केला.

निकाल येईपर्यंत गप्प बसणं मला जमेना. गावाबाहेर कडकोळला साहेबांच्या कचेरीसमोर एक दिवसाच्या उपोषणाला बसले. येतो म्हणालेले कोणी आले नाहीत. भर दुपारी रिक्षातून मामा उतरले, हातात स्टीलचा डबा.

"मामा, उपोषण आहे माझं!"

"म्हणूनच साबुदाणा आणला. चालतंय."

"हे तसलं नाही हो! कोणी बघितलं तर चळवळीची अब्रू जाईल."

"आयितु, आयितु. बरं, झाकण लावून ठेवतो." आणि माझ्याशेजारी फतकल मारून बसले.

"तुम्ही तरी घरी जाऊन जेवा."

"मामी गेल्यापासनं एकट्याला घास जात नाही ग." साहेबांच्या फाटकाकडे बघत ते म्हणाले. "गच्चीवर पिल्लांबरोबर बसून खातो. सध्या त्यांचंही जेवण अर्धंच."

संध्याकाळी उपोषण सुटलं. खिचडी गार, गोळा झालेली. ह्या गावात माझ्यासाठी दिवसभर उपाशी राहिलेला एवढा एकच माणूस. त्यानं आधी माझ्यापुढे झाकणात वाढली, आणि वाकून म्हणाला,

"सावकाश होऊ दे, मरी."