चाळीस मार्कांचा कॅमशाफ्ट

ज्या बाईला घड्याळ वाचता येतं तिला जगात काहीही मोजता येतं, असं माझं ठाम मत होतं. परवापर्यंत.

हे गेल्यावर आमचं गॅरेज दोन वर्षं बंद होतं. सूनबाईने ते उघडलं आणि पहिलंच गिऱ्हाईक म्हणून आला पाववाला. त्याच्या व्हॅनच्या इंजिनातला कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, तुटून त्याचे दोन तुकडे झाले होते. संध्याकाळची फेरी चुकली तर बेकरी ती दुसऱ्याला देणार होती, आणि सूनबाईचं नाव कमावण्याआधीच बुडणार होतं.

नवा शाफ्ट आठवडाभर मिळणार नव्हता. मी फळीवरून ह्यांनी जपलेला एक जुना काढून दिला. तो कुठल्या इंजिनाचा, हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. ह्यांनी आयुष्यात कशावरच काही लिहिलं नाही, आमच्या लग्नाच्या फोटोमागेसुद्धा नाही. सूनबाई म्हणाली, लांबी जुळतेय, पण या लांबीचे शाफ्ट दोन-तीन इंजिनांत बसतात. शाफ्टवरचे आठ उंचवटे व्हॉल्व्हला किती उचलतात ते मोजलं की हा त्यातला कुठला ते कळेल.

तिने शाफ्ट खाचेच्या दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवला आणि उंचवट्यावर शंभर खुणांचं, घड्याळासारखं मोजयंत्र टेकवलं. ती शाफ्ट फिरवणार, मी काटा वाचणार.

"काट्याचे पूर्ण फेरे किती झाले आणि शेवटी तो कुठल्या आकड्यापर्यंत गेला, एवढंच सांगा, आई."

पहिला उंचवटा. "आठ फेरे आणि चाळीस," मी म्हणाले.

सूनबाईने ओठ आवळून वहीत लिहिलं. मला वाटलं, झाली पोरगी निराश. मी चौथीपर्यंतच शिकलेय, पण शंभरात चाळीस म्हणजे काठावर पास एवढं मलाही कळतं. ह्यांनी वीस वर्षं तेल लावून ठेवलेली वस्तू, आणि परक्या माणसासमोर चाळीस! दुसऱ्याला मी पंचावन्न दिले. तिसऱ्याला बासष्ट. पाचव्यापासून माझा हात सैलच सुटला. आठव्याला ब्याण्णव देऊन मी पाववाल्याकडे असं बघितलं, जसा काही आमचा नातू बोर्डात आलाय.

सूनबाईने वही मिटली. "आठही सारखे यायला हवेत. हा वेडावाकडा झिजलाय. नाही चालणार."

पाववाल्याने फोन काढला आणि गाडी ओढून न्यायला कोणाला तरी बोलावू लागला. सूनबाई फडक्याने बोटं पुसत राहिली, स्वच्छ झाली तरी पुसत राहिली. माझ्याने ते बघवेना.

"थांब गं. पहिल्यानंतरचे मार्क मी वाढवलेत."

"मार्क?"

"चाळीस सांगायची लाज वाटली मला. तुझ्या सासऱ्यांचा शाफ्ट आहे तो."

सूनबाईने क्षणभर डोळे मिटले. मनातल्या मनात दहापर्यंत मोजत असावी. "आई, तुटलेला शाफ्ट मी सकाळीच मोजला होता. त्याचेही आठ फेरे आणि चाळीसच. मला चाळीसच हवे होते."

दुसऱ्या खेपेला काटा पाववाल्याने वाचला. आठच्या आठ वेळा चाळीस. ऊन कलायच्या आत व्हॅन सुरू झाली. निघताना तो खिडकीतून म्हणाला, "मावशी, आमच्या पोराच्या शाळेत पेपर तपासायला या ना."

तेव्हापासून सूनबाईने मला शाफ्ट फिरवायच्या कामाला लावलंय. शेजारणीला मी सांगितलंय, बढती मिळाली.