वरच्या कोर्टाचा निकाल

हिलालआप्पा कुणाच्याही दाराची कडी वाजवत नसत. गल्लीत उभे राहून पूर्ण नावाने पुकारा करत, तीन वेळा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कोणी बाहेर आलं नाही, तर गैरहजर समजून परत फिरत. एकदा मीच त्यांना चहाला बोलावलं आणि नेमका आंघोळीला गेलो. बाहेर येईतो आप्पांनी एकतर्फी निकाल देऊन टाकला होता, की मला त्यांना चहा पाजायचा नाही. संध्याकाळपर्यंत तो सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या आमच्या अख्ख्या सोसायटीला ठाऊक झाला.

आप्पा सुरतच्या कोर्टात पट्टेवाले होते. न्यायाधीशांच्या दाराबाहेर उभं राहून पक्षकारांची नावं पुकारण्यात आयुष्य गेलं, आणि दार उघडं असल्यामुळे थोडाफार कायदाही कानावरून गेला. निवृत्तीनंतर त्याचा प्रयोग आमच्यावर सुरू झाला. कायदा येतो कुठून, हे ते दिसेल त्याला समजावत. एक लिहिलेला, म्हणजे फाटकावरची नियमांची पाटी. दुसरा रिवाज, जो आपण खान्देशातून येताना बरोबर आणला. आणि सगळ्यांत जड तो मागचा निकाल. भांडण कसलंही असो, आप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मांगे काय ठरनं व्हतं?"

कोर्टांची उतरंडही त्यांनीच लावली होती. त्यांचा ओटा हे खालचं कोर्ट. मधलं सोसायटीच्या प्रमुखांकडे, पण तिथे कोणी फिरकत नसे. सर्वांत वरचं कोर्ट म्हणजे आप्पांच्याच स्वयंपाकघरातल्या सुमनकाकू.

एकदा गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालण्यावरून माझी बायको आणि शेजारच्या चंद्रकलाबाई यांच्यात जुंपली. पाटीवर बिबड्यांचा उल्लेख नव्हता. आप्पांनी मागचा निकाल आठवून चंद्रकलाबाईंना गच्ची दिली. माझी बायको तडक काकूंकडे अपिलात गेली. काकूंनी तव्यावरून नजर न काढता सांगितलं, गच्ची अर्धी-अर्धी करा. आप्पा लगेच वर गेले आणि स्वतःच्या हातांनी बिबड्यांच्या खाटा सरकवू लागले. तुम्हाला वाईट नाही वाटलं, असं मी विचारलं, तर माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, वरच्या कोर्टाने ठरवल्यावर खालच्याने वाईट वाटून घ्यायचं नसतं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण याच शिस्तीत त्यांची एकुलती एक लेक ज्योती अडकली.

ज्योतीने सुरतजवळच्या पलसाण्याच्या डाइंग मिलमधल्या, समाजाबाहेरच्या मुलाशी परस्पर लग्न केलं. बातमी आली त्या दिवशी काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, "या दारमा तिन्हा पाय नको पडाले." आप्पा ओट्यावर बसले होते. ते अर्धे उठले, मी बघितलं, आणि परत खाली बसले.

काही वर्षांनी काकू गेल्या. ज्योती आली, ती फाटकाबाहेरच उभी राहून रडली आणि तशीच परत गेली. आप्पा मान खाली घालून बसले होते. मला त्या दिवशी त्यांचा मनापासून राग आला. नंतर विचारलं, तर म्हणाले, निकाल देणारं कोर्ट गेलं तरी निकाल राहतो.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गल्लीत माहेरवाशिणींचे झोके बांधतात. यंदा आप्पांनी आपल्या ओट्यासमोरही झोका बांधला आणि दिवसभर रिकाम्या झोक्याकडे बघत बसले. माझ्या बायकोला ते बघवेना. तिने जाऊन विचारलं, काकूंचा निकाल फिरवायचा तर काय लागतं? आप्पा म्हणाले, तेच कोर्ट, पण न्यायाधीश जास्त. बायकोने चंद्रकलाबाईंना हाक मारली, मला ओढलं, आम्ही तिघं काकूंच्या स्वयंपाकघरात बसलो आणि तिने एका दमात निकाल फिरवला. आप्पांनी कारण विचारलं.

"पोरगी आहे तुमची," बायको म्हणाली.

आप्पा उठून इस्त्रीचा सदरा शोधू लागले.

पलसाण्याला मी त्यांच्याबरोबर गेलो. ज्योतीच्या दारासमोर त्यांनी पुकारा केला. दुसऱ्या पुकाऱ्याला आवाज फाटला, तिसरा झालाच नाही. ज्योती पिठाच्या हातांनी बाहेर आली. निकाल फिरला, घरी चल, एवढंच आप्पा बोलले.

"आप्पा, माय ते मन्हा घर ये-जा करे," ती म्हणाली. "तुमले सांगाले घाबरे. म्हने, आप्पा लगेच इचारतीन, मांगे काय ठरनं व्हतं."

आप्पा तिथेच पायरीवर बसले. वरच्या कोर्टाने आपला निकाल केव्हाच फिरवला होता आणि खालचं कोर्ट इतकी वर्षं जुनाच पाळत बसलं होतं. ज्या बाईच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नाहीत, ती त्यांच्याच शब्दाला भीत होती. वाईट वाटतं ते याचं, की दोघं एकाच बशीतला चहा पीत होती आणि दोघांनाही लेक हवी होती.

ज्योती दुसऱ्या दिवशी येते म्हणाली. संध्याकाळी आम्ही परतलो. आप्पा स्वतःच्या दारासमोर थांबले. कुलपाची किल्ली हातात होती, पण त्यांनी ती लावली नाही. सरळ उभे राहिले, सदरा नीट केला आणि कोर्टातल्या आवाजात पुकारा केला, "सुमन हिलाल पाटील."

तीन वेळा केला.

मला वाटलं, आता गैरहजर समजून मागे फिरतील. पण आप्पा फिरले नाहीत. दिवे लागले तरी तिथेच उभे होते.