फुग्याचा डिंक

"माझं तोंड बंद करणारा अजून जन्माला यायचाय!" असं आउगस कुपिडो गावभर सांगत फिरे. तो जन्माला आला होता. फक्त बोटाच्या पेराएवढा होता आणि आउगसच्याच टेकाडात मातीखाली झोपला होता, एवढंच!

आउगसची बायको मिएता गुरुवारी गेली. जाताना एकच मागणं मागून गेली, "मला टेकाडावर ठेव. आपल्या छोटीशेजारी." छोटी, लहानपणीच गेलेली त्यांची लेक, तीस वर्षं तिथे रानजैतुनाच्या झाडाखाली एकटीच होती. पण मिएताची धाकटी बहीण द्रीका भलती चपळ! तिने शुक्रवारीच चर्चच्या आवारात, आईबापांच्या रांगेत, खड्डा खणून घेतला. शेवटी पाद्रीबाबा मध्ये पडले. म्हणाले, "उद्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर नवऱ्याला विचारीन. तो सांगेल तिथे पुरू."

"मग संपलंच!" आउगस शेजारच्या फ्लोर्सला म्हणाला. "दोन वाक्यांत मेहुणीला गार करतो की नाही बघ!"

शनिवारी उजाडताच दोघे टेकाडावर खणू लागले. गावात मयत एक आणि खड्डे दोन!

आउगसला धास्ती होती ती वरच्या कवळीची. आवाज चढला की ती सुटे. फ्लोर्सच्या लग्नात ती नवरीच्या सूपमध्ये पोहून आली होती. कवळी घट्ट बसवायची पूड मिएता कुठे ठेवी, ते एक तिलाच ठाऊक.

तेवढ्यात कुदळीखाली कोणीतरी तान्ह्या पोरासारखं किंचाळलं! आउगसने थेट खड्ड्याबाहेर उडी घेतली. खाली पाहतो तर फुग्या बेडकांची जोडी. बटाट्यासारखी गरगरीत मादी आणि तिच्या पाठीला डकवलेला बोराएवढा नर. दोघांची तोंडं अशी पडलेली, की मयताला आलेले पाहुणेच!

"अरे, ओढून काढ त्याला!"

"शहाणाच आहेस!" फ्लोर्स म्हणाला. "फुग्याचे हात आखूड, बायकोला मिठी मारायलाही पुरत नाहीत. म्हणून देवाने अंगात डिंक दिलाय. कातडी निघेल, पण नवरा निघायचा नाही."

"मग सुटतो कधी?"

"तिचं मातीतलं काम उरकलं की. अंडी घातली की आपोआप."

आउगसने कुदळीकडे पाहिलं. पात्याला दुधासारखा चीक लागला होता. त्याचे डोळे चमकले.

"नको रे बाबा," फ्लोर्स म्हणाला.

पण आउगसने चीक खरवडून कवळीला फासला आणि कवळी तोंडात दाबली. बसली! खडकासारखी बसली! "तू इथेच थांब," तो म्हणाला. "खड्ड्याच्या कडा ढासळू देऊ नकोस. तासाभरात तिला घेऊन येतो." जन्मातलं त्याचं सर्वांत स्पष्ट वाक्य होतं ते.

आणि चर्चला पोचायच्या आधीचं शेवटचंही. वाटेत चीक खाली ओघळला. चर्चच्या पायरीपर्यंत वरची कवळी आणि खालचे दात एकजीव झाले होते.

"आउगस," पाद्रीबाबांनी विचारलं, "मिएताला कुठे ठेवायचं?"

"म्म्म्म्!"

चर्चमधल्या सगळ्या माना वळल्या. आउगस बोलत नाही? हा आउगस?

त्याने हात उंचावून टेकाडाकडे बोट दाखवलं.

"होय बाळा," पाद्रीबाबांनी डोळे पुसले. "ती वरच गेली."

आउगसने जोरजोरात नकाराची मान हलवली. मग गुडघ्याच्या उंचीवर हात धरून दाखवला. एवढीशी! आमची छोटी!

द्रीकाने हंबरडाच फोडला. "अहो दाजी! एवढ्याशा होतो तेव्हा आम्ही दोघी आईच्या कुशीत निजायचो! आईजवळच ठेवा म्हणतायत हो दाजी!"

लिहून दाखवावं, तर आउगसची सहीसुद्धा मिएताच करी. तो शवपेटीला मिठी मारून बसला. चौघांनी त्याला हळूच सोडवलं. बायका म्हणाल्या, "काय जीव होता हो बायकोवर!"

मिएताला आईबापांच्या रांगेत ठेवलं. शेवटचं ढेकूळ पडलं आणि त्याच क्षणी आउगसच्या तोंडात कट्‌ असा आवाज झाला. तिचं मातीतलं काम उरकलं होतं.

"टेकाडावर!" तो ओरडला. "तिला टेकाडावर जायचं होतं! माझं तोंड बेडकाने चिकटवलं होतं!"

द्रीकाने कपाळाला हात लावला.

"झालं! घटकाभर माणसासारखे वागलात, दाजी. तोंड उघडलं की थापा सुरू!"

फ्लोर्स टेकाडावर अजून उभा होता, टोपी हातात धरून. आउगस एकटाच चढून येताना दिसला तेव्हा त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"बुजवू?" त्याने विचारलं.

"राहू दे. मलाच लागेल."

खड्ड्याच्या तळाशी फुग्यांची जोडी ढुंगणाकडून मातीत शिरत होती, तशीच चिकटलेली. शेवटी नुसती दोन पडलेली तोंडं वर राहिली.

"तुम्हाला रे काय झालंय तोंड पाडायला?" आउगस म्हणाला.