‘आ करा’ म्हणणारे डॉक्टर

निळकंठराव डॉक्टर नमस्काराच्या जागी “आ करा” म्हणत. एकदा आमच्या अनसिंगचे पाटील हार घेऊन त्यांच्या स्वागताला उभे राहिले, तर यांनी हार बाजूला ठेवला आणि पाटलांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. “खालची दाढ कामातून गेली. कायले ठेवली?”

वर्षातून एकदा ते वाशीमहून बैलांच्या दमणीत बसून शाळेतली मुलं तपासायला येत. दमणीत औषधं कमी आणि बाभळीच्या काड्या जास्त. आल्याबरोबर सगळ्या शाळेला ओट्यावर ओळीनं बसवून दात घासायला लावत, स्वतःही आमच्यात बसून घासत. कुणी तोंड अर्धवट उघडलं की म्हणत, “आनखी उघड. काय लपवून राह्यला?” हेडमास्तर तंबाखू खात. त्या दिवशी ते ओठ मिटून नुसत्या मानेनंच बोलत. एका वर्षी डॉक्टरांनी त्यांनाही सगळ्यांसमोर आ करायला लावला. आम्ही पोरं आठवडाभर खूश होतो.

मी तेव्हा तिसरीत होते, आणि मठ्ठ म्हणून माझी ख्याती होती. बापानं सांगून ठेवलं होतं, “हे वरीस झालं का शाळा बंद. वावरात चाल.”

त्या वर्षीच्या तपासणीत दात पाहून झाल्यावर डॉक्टरांनी भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. छडी ठेवतील ते अक्षर लांबून वाचायचं. मला तक्ताच नीट दिसेना. पण पुढच्या पोरांचं ऐकून सगळा पाठ झाला होता. पाळी आल्यावर मी तो धडाधडा म्हणून टाकला. वर्ग हसायला लागला. डॉक्टर या वेळी छडी खालून वर नेत होते.

ते हसले नाहीत. माझ्यासमोर उकिडवे बसले.

“फळ्यावर तुले काय दिसते, माय?”

“पांढरं पांढरं.”

“अन् बाकीच्यायले?”

“त्यायलेही तेच दिसत असन.”

डॉक्टर तसेच उठून मला घेऊन आमच्या घरी आले. चष्म्याचं नाव काढताच बाप म्हणाला, “चष्म्याच्या पोरीले कोन करून घेईन?”

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “माह्या बहिनीले मठ्ठ म्हनून शाळेतून काढलं. तिचे डोये कोनीच पाह्यले नाही. डॉक्टर होऊन मीबी नाही पाह्यले.”

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन बाप मला अकोल्याला घेऊन गेला.

चष्मा आल्यावर डॉक्टर मुद्दाम शाळेत आले. मागच्या भिंतीपाशी उभं राहून मी फळ्यावरची ओळ वाचली. त्यांनी खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. “हे माह्या बहिनीले लिही. मले फळा दिसते, म्हनाव.”

मी लिहिलं. उन्हाळ्यात उत्तर आलं. डॉक्टरांची बहीण चाळिशीची असेल तेव्हा. वेडीवाकडी, बोराएवढाली अक्षरं. दोन ओळींतच कार्ड भरलेलं.

“भावानं मलेबी चष्मा आनला. हे मी सोता लिवलं.”